कोकण किनाऱ्यावर ड्रोनने चित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की तेच ते प्रश्न येऊ लागतात. परवानगी लागते का, मालवणात चालतं का, ड्रोन पाण्यात पडलं तर काय. तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा सगळी एका ठिकाणी मांडली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नियमांचे आहेत, मग वारा, पाणी आणि उजेड, आणि शेवटी माणसं, पाखरं आणि अडचणीचे प्रसंग. घाई असेल तर निदान प्रश्न ८ आणि ९ वाचल्याशिवाय समुद्रावर ड्रोन सोडू नका.

१. कोकणात समुद्रकिनाऱ्यावर ड्रोन उडवायला परवानगी लागते का?

जागेवर अवलंबून आहे. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांनी देशाच्या आकाशाचे तीन रंग केले. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, उड्डाणाची वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते आणि लाल भागात थेट केंद्र सरकारची. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा २०० फुटांवर येते. ८ किलोमीटरच्या आत तर परवानगीशिवाय जमिनीवरून उचलायचंच नाही. रंगांचा नकाशा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर आहे आणि तो किनाऱ्यापाशी संपत नाही, प्रादेशिक समुद्रावरच्या आकाशालाही लागू होतो. ‘पाण्यावर कुठला नियम’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. नियम आहे.

शिवाय ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नकाशा निघायच्या दिवशी पुन्हा बघा. नवा विमानतळ सुरू झाला किंवा एखाद्या सोहळ्यासाठी तात्पुरती बंदी आली की काल हिरवी असलेली जागा आज हिरवी राहत नाही. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने तारकर्लीत झाला. अशा दिवसांत ड्रोन पेटीतून बाहेरच काढायचं नसतं.

२. माझं ड्रोन २४९ ग्रॅमचं आहे. मग मला हे नियम लागू नाहीत ना?

लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला ‘नॅनो’ म्हणतात आणि त्याला काही सवलती आहेत. चालवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, तृतीय पक्ष विमा सक्तीचा नाही, टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या त्या मॉडेलला मिळणारं सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र) लागत नाही. पण नकाशाचे रंग वजन बघत नाहीत. लाल भागात नॅनोही लालच. हलकं ड्रोन वाऱ्यात जास्त भरकटतं, तो भाग वेगळा. त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

३. लायसन्स काढावं लागतं का? मी फक्त यूट्यूबवर टाकतो.

२५० ग्रॅम ते २ किलोपर्यंतचं ‘मायक्रो’ ड्रोन हौसेसाठी उडवत असाल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. व्यवसायासाठी उडवत असाल तर लागतं. लग्नाचं चित्रण, प्री-वेडिंग, रिसॉर्टची जाहिरात हा सरळ व्यवसाय आहे. चॅनलवर जाहिरातींचे पैसे येत असतील तर मी तोही व्यवसायच धरेन. हौस आहे की धंदा, हा वाद पोलिस चौकीत बसून घालण्यासारखा नाही. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण एवढं लागतं. ते १० वर्षं चालतं.

४. भाऊ दुबईहून येतोय. तिकडून ड्रोन मागवू का?

नको. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद, तेही मंजुरी घेऊन. सुटे भाग आणता येतात, पण सुट्या भागांच्या नावाखाली जोडायला तयार असं अख्खं ड्रोन आणता येत नाही. विमानतळावर जप्त झालं तर पैसे गेले आणि भावाला मनस्ताप. इथेच विकत घ्या आणि २५० ग्रॅमच्या वरचं घेत असाल तर दुकानदाराला टाइप सर्टिफिकेट आहे का ते आधी विचारा.

५. मालवण, तारकर्ली, देवबागला उडवता येतं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. जवळच चिपीला असलेला सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. त्याआधीचे व्हिडिओ बघून लोक इथे येतात आणि अडकतात. कर्ली नदीच्या मुखाशी असलेलं देवबाग आणि पलीकडचं भोगवे विमानतळापासून सरळ रेषेत काही किलोमीटरवर आहे. तारकर्लीही ८ किलोमीटरच्या आतच. रस्त्याने वळसा पडतो म्हणून लांब वाटतं, पण ड्रोनच्या नियमांत अंतर कावळ्याच्या उड्डाणाने मोजतात. मालवण शहर सीमेच्या आसपास येतं, तिथे नकाशावर नेमकी टाचणी लावून बघावं लागतं.

मालवणला दुसरी गोष्टही आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते.

मग जायचं कुठे? उत्तरेकडे तोंडवळी-तळाशील घ्या. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. वरून बघण्यासारखी याच्या तोडीची जागा मला तरी या जिल्ह्यात माहीत नाही. त्याच्या वर आचरा, कुणकेश्वर. दक्षिणेला वेंगुर्ल्याचा सागरेश्वर. रत्नागिरीकडच्या लोकांनी लक्षात ठेवावं की तिथे तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे आणि आरे-वारे त्यापासून फार लांब नाही. गणपतीपुळे मात्र १२ किलोमीटरच्या पलीकडे जातं. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आणि मोपाला नवा विमानतळ, म्हणजे तिथे दोन वर्तुळं बघायची.

६. किल्ल्यांचं चित्रण करायचं आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग?

हे चारही केंद्र सरकारने संरक्षित केलेले किल्ले आहेत. त्यांच्यावर ड्रोन न्यायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी लागते, कोकणासाठी मुंबई मंडळाकडे अर्ज करायचा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राकाठचे किंवा समुद्रातले. तेव्हापासून तिथली देखरेख वाढली आहे आणि ते योग्यच आहे. ‘किल्ल्याबाहेरून उडवलं आणि वरून नेलं’ ही पळवाट नाही. परवानगी किल्ल्यावरच्या चित्रणाची असते, तुम्ही उभे कुठे आहात याची नसते.

परवानगी नसेल तर किल्ला दृश्यात दूर राहू द्या. हर्णैला कनकदुर्गाच्या बाजूने जमिनीवरच्या कॅमेऱ्यातून सुवर्णदुर्ग फार सुंदर दिसतो. मुरुडहून राजपुरीकडे जाताना खिंडीतून जंजिऱ्याचा अख्खा आकार आणि लांब कासा बेटावरचा पद्मदुर्ग एका नजरेत येतो. तिथे थांबून साध्या कॅमेऱ्याने काढलेली पाच मिनिटं ड्रोनच्या घाईघाईच्या फेरीपेक्षा मला जास्त मोलाची वाटतात. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ ते १६६७ चाललं. त्या तटाची नागमोडी वळणं वरून बघायची ओढ मलाही आहे. पण अर्ज करूनच.

७. कुठला महिना चांगला?

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी. पाऊस गेलेला असतो, हवा धुतलेली असते, सड्यावरचं (जांभ्याच्या पठारावरचं) गवत सोनेरी झालेलं असतं आणि नद्यांचा गढूळपणा ओसरल्यावर पाणी निवळतं. फेब्रुवारीपासून क्षितिजावर धुरकटपणा चढत जातो. मे महिन्यात उजेड कठोर असतो (प्रश्न १२). पावसाळ्यात किनारा सगळ्यात देखणा असतो हे खरं, पण तेव्हाचा वारा आणि सरी ड्रोनसाठी नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते, त्यामुळे काही अडलं तर मदतीला होडीही मिळत नाही.

८. ॲपमध्ये वारा कमी दाखवत होता, तरी परत येताना बॅटरी संपत आली. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर.

कोकणात हिवाळ्यात दिवसाला दोन वारे असतात. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून रात्रभर आणि सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. ऊन चढलं, जमीन तापली की तो पडतो, थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं आणि मग दुपारी समुद्राकडून वारा सुरू होतो. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा मच्छीमार पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या वाऱ्यावर घरी येत. होडीला हे सोयीचं होतं. ड्रोनला सकाळची वेळ नेमकी उलटी पडते.

सकाळी तुम्ही ड्रोन समुद्राकडे सोडता, मतलई त्याला पाठीमागून ढकलतो, ते झपाट्याने जातं आणि बॅटरी कमी खर्च होते. तुम्हाला वाटतं, छान. परत फिरवलं की तोच वारा तोंडावर. आकडे बघा. ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर आणि वारा ६ मीटर धरला तर ६०० मीटर जायला ३८ सेकंद लागतात आणि यायला १५० सेकंद. चौपट वेळ. वर किनाऱ्यावर सुरूच्या बनाच्या आडोशाला उभं असलं की तो वारा अंगाला लागतही नाही, झाडांच्या वर गेल्यावरच भेटतो.

डिसेंबरातल्या एका सकाळी तोंडवळीला माझं हेच झालं. ८० मीटर उंचीवर, पाण्यावर, बॅटरी ४१ टक्के. परत फिरवलं आणि पडद्यावर अंतराचा आकडा हलेचना. ५७०, ५६८, ५६५. शेजारी जाळं निवडत बसलेल्या काकांनी मान वर न करता विचारलं, “वर ठेवलास? खाली घे, पाण्याजवळ वारो कमी आसता.” २० मीटरवर आणलं तसे आकडे पळू लागले. ओल्या वाळूवर उतरलं तेव्हा ६ टक्के उरले होते. त्या दिवसापासून मी आधी माणसांना विचारतो, ॲप नंतर बघतो.

नियम सोपा आहे. उड्डाणाचा पहिला भाग नेहमी वाऱ्याच्या तोंडावर करा, म्हणजे परतताना वारा सोबत असेल. सकाळी समुद्रावर फार लांब जाऊ नका. माडांकडे, खाडीकडे तोंड करून काम करा. समुद्रावर दूर जायचं असेल तर दुपारचा वारा सुरू झाल्यावर जा, तो तुम्हाला किनाऱ्याकडेच आणतो. आणि निम्मी बॅटरी झाली की परत फिरा, उरलेला शॉट कितीही मोहाचा असो.

९. भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची? वेबसाइट प्रत्येक वेळी मिळत नाही.

कालनिर्णय मिळतं ना, मग झालं. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सहा तासांनी आणि थोड्या मिनिटांनी ओहोटी, आणि रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशोब मुंबईच्या आसपास चांगला बसतो. भरती दक्षिणेकडून वर सरकते, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याला ती थोडी आधी येते. जीव किंवा सामान पणाला असेल तिथे छापील तक्ता बघा, अंदाजावर जाऊ नका.

यातून चित्रणाला फार उपयोगी गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. आणि हेच उधाणाचे दिवस, पाणी सगळ्यात जास्त मागे हटण्याचे. म्हणजे सूर्यास्ताच्या उजेडात उघडी पडलेली पुळण, वाळूवरच्या लाटांच्या रेघा, खडपातली साचलेली पाण्याची डबकी, सगळं एकाच वेळी. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढतही नाही, उतरतही नाही, आणि संध्याकाळी सहाला भरती असते. लाटा खडकावर आपटताना हव्या असतील तर उधाणाच्या भरतीला, म्हणजे दुपारी, यावं लागेल.

सुरक्षेचं एक. ओहोटीला आत चालत जाऊन खडपावरून ड्रोन उडवायचं आणि नजर पडद्यावर ठेवायची, तोवर मागची वाट पाण्याखाली गेलेली असते. दुसऱ्या माणसाला फक्त पाण्यावर लक्ष ठेवायला उभं करा.

१०. पाण्यावर खाली उडवताना ड्रोन आपोआप खाली का सरकतं?

ड्रोनच्या पोटाखालचे सेन्सर जमीन ‘बघून’ उंची आणि जागा धरतात. हलतं, चमकतं पाणी त्यांना फसवतं. ड्रोनला वाटतं आपण सरकतोय, आणि ते चुकीची दुरुस्ती करतं. लाटांवर ५-६ मीटरच्या खाली जाऊ नका. लाटेची उंची त्यात धरा. मोठी लाट येताना दिसते, पण पडद्यावर ती सपाट वाटते. अगदी खालून काढलेल्या दृश्याची हौस असेल तर खाडीच्या शांत पाण्यावरही तेवढंच अंतर ठेवा. वाटलं तर लांब भिंगाचा ड्रोन वापरा.

११. होडीतून उडवू का?

सराव नसेल तर नको. ड्रोन उचललं त्या जागेला ते ‘घर’ समजतं. होडी पुढे गेली तरी सिग्नल तुटल्यावर ते जुन्या जागी येऊन शांतपणे समुद्रात उतरतं. घराची जागा रिमोटच्या जागेप्रमाणे बदलत ठेवायची सोय आपल्या ड्रोनमध्ये असेल तर ती चालू करा. लोखंडी होडीवर आणि सळया घातलेल्या काँक्रीटच्या धक्क्यावर ड्रोनचं होकायंत्र बिघडतं, तिथे त्याचं कॅलिब्रेशन (जुळवणी) करू नका. तांडेलाला आधी सांगा, तो होडी वाऱ्याकडे तोंड करून धरतो. उतरवताना हातात घ्यायचं असेल तर घेणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड हातमोजे हवेत.

१२. समुद्र पांढराफटक येतो, निळा-हिरवा दिसत नाही. सेटिंग काय ठेवू?

सेटिंगच्या आधी वेळ आणि दिशा. आपला किनारा पश्चिमेला आहे. सकाळी नऊच्या पुढे सूर्य तुमच्या पाठीमागून, सह्याद्रीच्या बाजूने, समुद्रावर पडतो आणि पाण्याचे रंग तेव्हा खुलतात. संध्याकाळी तुम्ही सूर्याकडे बघत असता, तेव्हा रंग नाही, आकार मिळतात. होडीची काळी रेघ, माडाचे शेंडे, ओल्या वाळूचा आरसा. दोन्ही एकाच वेळी मागू नका.

कॅमेरा सरळ खाली धरून काढायचं असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातली दुपार टाळा. त्या दिवसांत रत्नागिरी-सिंधुदुर्गावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्याचं प्रतिबिंब दृश्याच्या मधोमध पांढरा डाग पाडतं.

आता सेटिंग. एक्स्पोजर फेसावर जुळवा, वाळूवर नाही. फेस एकदा पांढरा जळला की परत येत नाही. काळोखी थोडी राहिली तर नंतर उचलता येते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, नाहीतर ड्रोन वाळूवरून पाण्यावर गेलं की रंग मधेच बदलतो. ५५०० केल्विनच्या आसपास कायम ठेवा. २५ फ्रेमला १/५० शटर हवं असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लागेल, सकाळ-संध्याकाळ ८ किंवा १६, भर उन्हात ६४ किंवा त्याहून गडद. मात्र १/५० हा समुद्रासाठी देवाचा नियम नाही. आपटणाऱ्या लाटेचे तुषार सुटे सुटे दिसायला हवे असतील तर शटर वेगवान ठेवा. पोलरायझर पाण्याची चमक कापतो, पण ड्रोन वळलं की परिणाम बदलतो, म्हणून तो सरळ रेषेतल्या शॉटलाच लावा. आणि हळू उडवा. समुद्राचा स्वतःचा वेग असतो, तो दिसायला अवधी द्या.

१३. खाऱ्या हवेने ड्रोन खराब होतं का?

होतं, हळूहळू. फेसाळ किनाऱ्यावर तुषार डोळ्यांना न दिसताही हवेत असतात. उड्डाण झालं की गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ फडक्याने अंग आणि पंखे पुसा, फक्त बॅटरीचे संपर्क सोडा, मग सगळं कोरडं पुसा. संपर्क कोरड्याच फडक्याने. वाळू त्याहून वाईट. मोटरीत एक कण गेला तरी घरघर येते. वाळूवरून थेट उचलू नका. चटई, पेटीचं झाकण, होडीची फळी, काहीही चालेल. गाडीच्या बॉनेटवर नको, लोखंड आहे.

१४. घारी ड्रोनवर धावून येतात. काय करायचं?

सरळ वर न्या, घारीला वरच्या दिशेने झेप घेणं जड जातं. मग शांतपणे निघून या आणि त्या दिवशी तिथे पुन्हा उडवू नका. ती तिचं घर राखत असते. ब्राह्मणी घार बंदरांवर सगळीकडे असते. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड उंच झाडांवर घरटं करतो आणि वर्षानुवर्षं तेच वापरतो. अशा झाडाजवळ ड्रोन नेणं म्हणजे घरटं उठवायला निघणं. वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवर गुहांमध्ये पाकोळ्या आणि बेटावर सुरय (टर्न) घरटी करतात, तिकडे ड्रोन नेऊच नये.

१५. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना वरून काढता येतील का?

नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लं उजेडाच्या खुणेने समुद्र शोधतात आणि पहाटे-संध्याकाळी बाहेर येतात. ड्रोनचे दिवे आणि आवाज तेव्हा तिथे नकोत. वेळास, आंजर्ले, गुहागर, सगळीकडे हेच. दोरीच्या मागे उभं राहून, गुडघ्यावर बसून, फ्लॅश न वापरता काढा. पिल्लाच्या उंचीवरून दिसणारा समुद्र ड्रोनला मिळत नाही. डॉल्फिनच्या मागेही ड्रोन पळवू नका. एका जागी थांबा, यायचे ते येतात.

१६. रापण ओढतानाचं दृश्य वरून फार छान दिसतं. परवानगी कोणाची घ्यायची?

रापणकरांची. खरंच छान दिसतं. जाळ्याचा अर्धगोल, दोन्ही टोकांना दोराला लागलेली माणसं, जाळं जवळ येताना आत चमकणारी मासळी आणि वर फिरणारे पक्षी. पण ते लोकांच्या रोजीरोटीचं काम आहे. आदल्या दिवशी जाऊन मुख्य माणसाला भेटा, कशासाठी काढताय ते सांगा, नाही म्हणाले तर तिथेच थांबा. जाळं पाण्यात असताना ड्रोन उंच ठेवा, वाळूवर आलं की बाजूला न्या. मासळीचे वाटे होताना बायकांच्या डोक्यावर ड्रोन घोंघावत ठेवणं उद्धटपणा आहे. चित्रण झाल्यावर ते गावाला दाखवा आणि फाइल द्या. त्यांच्या रापणीचं चित्र त्यांच्याकडे असायला हवं.

पुळणीवर पोहणाऱ्या, बसलेल्या लोकांबाबतही तेच. चेहरे ओळखू येतील इतकं खाली येऊ नका. विसर्जन, शिमग्याची पालखी, कुठल्याही गर्दीच्या डोक्यावर उडवू नका. देवळांसाठी देवस्थानाला विचारा.

१७. सड्यावरची कातळशिल्पं काढायची आहेत. काही वेगळी काळजी?

हे ड्रोनचं खऱ्या अर्थाने उपयोगाचं काम आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, पायाशी उभं राहून तो पूर्ण दिसतच नाही. उजेड तिरपा हवा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा, खोदलेल्या रेघांत सावली भरते तेव्हाच आकार उमटतो. भर दुपारी नुसता जांभा दिसतो. ३०-४० मीटर उंची पुरते. देवाचे गोठणे इथे कातळशिल्पाच्या जागेवर होकायंत्राची सुई भलतीकडे जाते, म्हणून तिथे कॅलिब्रेशन दूर करा आणि ड्रोन नजरेसमोर ठेवा. शिल्पावर चालू नका, ड्रोन तिथे उतरवू नका, रेघा ठळक दिसाव्यात म्हणून त्यात पाणी किंवा चुना भरू नका. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

१८. जागा हिरव्या भागात होती, तरी पोलिसांनी थांबवलं. मग?

थांबा, ड्रोन उतरवा, मग बोला. नकाशा हिरवा असला तरी स्थानिक आदेश असू शकतो. मुंबईत तर पोलिस असे आदेश पुन्हा पुन्हा काढतात, पूर्वी कलम १४४ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. समुद्रकिनारा ही सुरक्षेची जागा आहे आणि २६/११ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले होते, हे इथला हवालदार विसरू शकत नाही. नोंदणीचा कागद, ओळखपत्र आणि नकाशाचा त्या दिवशीचा फोटो जवळ ठेवा. मी जिथे जातो तिथे आदल्या दिवशी पोलिस ठाण्यात साधं पत्र देतो आणि सरपंचांना भेटतो. एक तास जातो. दुसऱ्या दिवशी कोणी विचारायला आलं तर गावातलाच माणूस सांगतो की यांनी कळवलं आहे.

बंदरं, वीजप्रकल्प, दीपगृहं, तटरक्षक दलाची ठाणी यांच्या आसपास उडवायचं मनातही आणू नका. तारापूर अणुऊर्जा केंद्र त्यात आलंच.

१९. ड्रोन समुद्रात पडलं. परत मिळेल का?

खोल पाण्यात नाही. उथळ जागी पडलं असेल तर ॲपमधली शेवटची जागा लिहून घ्या आणि ओहोटीची वाट बघा (वेळ कशी काढायची ते प्रश्न ९ मध्ये). एकट्याने पाण्यात उतरू नका, स्थानिक माणसाला सोबत घ्या आणि त्याच्या कष्टाचे पैसे द्या. मिळालं तर चालू करून बघायचा मोह टाळा. बॅटरी काढा, ड्रोन गोड्या पाण्यात बुडवून मीठ धुऊन टाका आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. मेमरी कार्ड गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवलं तर बहुतेक वेळा चालतं.

खाऱ्या पाण्यात भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. ती नंतरही पेट घेऊ शकते. घरात आणि गाडीत ठेवू नका, उघड्यावर वाळूच्या बादलीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. ड्रोन सापडलंच नाही तर बंदरावरच्या मच्छीमारांना सांगून ठेवा. जाळ्यात आलं तर ती बॅटरी काय आहे आणि तिला कसं हाताळायचं हे त्यांना आधी माहीत असलेलं बरं.